गरज सरो, वस्तरा उरो

सोमवारी सलूनला सुट्टी, म्हणूनच ही बैठक जमली. तात्या सांगलीत आयुष्यभर खुर्चीमागे उभे राहिलेले. त्यांच्या आधी वडील, त्यांच्या आधी आजोबा. दुसरा चिंचवडच्या एका टूलरूममध्ये डाय बनवणारा, पस्तिशीतला. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये वस्तरे घडवतो आणि ऑर्डरप्रमाणे हौशी लोकांना विकतो. नवा वस्तरा पाठवण्याआधी त्याला तो एखाद्या जाणत्या हातात द्यायचा होता, आणि तात्यांचं नाव मीच सुचवलं होतं. तात्या बघायला तयार होते. कौतुकाचं काही कबूल केलं नव्हतं. मधूनमधून मीही तोंड घातलं आहे, तेवढं चालवून घ्यावं.

तात्या : आण बघू. चकाकी तर झकास आहे. काय घेतोस याचे?

कारागीर : पंचवीस हजार.

तात्या : एवढ्यात माझ्या दोन खुर्च्या नव्या होतील.

कारागीर : खुर्च्या दहा वर्षांत भंगारात जातील, तात्या. हे पातं नीट पुसून ठेवलं तर घेणाऱ्याच्या नातवाला पुरेल.

तात्या : नातू काय करील त्याचं? आमच्या आजोबांच्या धोकटीत झोलिंगेनचा वस्तरा होता, जोडमाणसाच्या छापाचा. मी नातूच की. मी काय केलं? ट्रंकेत टाकला. एव्हाना गंजलाही असेल.

कारागीर : तो छाप १७३१ साली नोंदवलेला आहे. आणि झोलिंगेन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्यानं राखलेलं आहे. दुसरीकडे घडवलेल्या पात्यावर ते ठोकता येत नाही. असला वस्तरा तुम्ही ट्रंकेत टाकलात?

तात्या : मग काय देव्हाऱ्यात ठेवू? एड्सची भीती गावोगाव पसरली ते दिवस तू शाळेत असशील. गिऱ्हाईक बसायच्या आधी विचारायचं, ब्लेड नवीन आहे ना? रक्तातून पसरणाऱ्या काविळीचंही तेव्हाच डॉक्टर सांगायला लागले. एका पात्यानं दहा जणांच्या दाढ्या करायच्या आणि मध्ये डेटॉलच्या पाण्यात बुचकळायचं, यावर कुणाचा विश्वास राहिला नाही. खरं सांगू का, माझाही नव्हता. आता कागदासकट ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं होल्डरमध्ये सरकवायचं, तेही गिऱ्हाइकाला दिसेल असं. दाढी झाली की फेकून द्यायचं. विषय संपला.

कारागीर : सलूनपुरतं बरोबर आहे. माझा वस्तरा मात्र एका माणसाच्या एकाच चेहऱ्यासाठी असतो. कुणाचं रक्त कुणाला लागण्याचा प्रश्नच येत नाही.

तात्या : त्याचं त्यालाच लागेल.

कारागीर : पहिले काही दिवस लागतं, मान्य. पण लोक शिकतात. सगळं जग वस्तऱ्यानंच दाढी करत होतं की. जिलेटच्या सेफ्टी रेझरचं पेटंट १९०४ चं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या सैनिकांना त्याचे ३५ लाख रेझर वाटले. ती पोरं घरी परतली ती रेझर घेऊनच. एड्सनं वस्तरा सलूनमधून काढला, पण घरांमधून तो त्याच्या कितीतरी आधी गेला होता.

तात्या : बनवतोस कसा ते तरी सांग. घण मारतोस?

कारागीर : घण नाही. पट्टी आणतो, कधी ओएचएनएसची, कधी ईएन थर्टीवनची. एक डाय-पंचाचं पोलाद, दुसरं बेअरिंगचं. दोन्हीत साधारण एक टक्क्याच्या घरात कार्बन असतो. आकार आखून कापायचा, पिनचं भोक आधीच पाडून घ्यायचं, कारण कडक झाल्यावर ड्रिल आत शिरत नाही. दोन्ही बाजू कच्च्या घासायच्या, पण धारेच्या जागी अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडी राखायची. हाव धरून तेव्हाच पातळ केलं, तर तेलात टाकताना पातं वाकतं, नाहीतर चिरतं. मग भट्टी. आठशे अंशांच्या आसपास तापलं की तेलात.

तात्या : म्हणजे पाणी द्यायचं.

कारागीर : पाणीच, फक्त तेलाचं. बाहेर काढलं की पातं इतकं ठिसूळ असतं की हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून दोनशे अंशांच्या आत दोन-दोन तास, दोनदा शेकायचं. त्याला गव्हाळ रंग चढतो. कडकपणा रॉकवेलच्या मापावर मोजला तर साठ-एकसष्ट.

तात्या : हे तू कंपनीत पंचालाही करतोस. यात वस्तरा कुठं आला?

कारागीर : वस्तरा येतो घासण्यात. पात्याचे दोन्ही गाल चाकावर धरून आतून खोलगट करायचे. पाठीशी जाडी तशीच, आणि धारेकडे येता येता पोलाद इतकं पातळ होतं की अंगठ्याच्या नखावर धार हलकेच दाबली तर ती लवते आणि सोडली की सरळ होते. अशी पातळ धार चाकाला टेकल्या टेकल्या तापते. त्यामुळे हातमोजा घालता येत नाही. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं, पुसायचं, परत टेकवायचं, परत पाण्यात. धारेवर निळी झाक दिसली की खेळ खलास. तिथलं पोलाद मऊ पडलं. वरचा निळा रंग घासून गेला तरी आतला कडकपणा परत येत नाही. आणि दोन्ही गालांची खोली सारखी यायला हवी. एका बाजूला जास्त घासलं गेलं तर धार मधल्या रेषेवरून सरकते. ते डोळ्यांना दिसत नाही, दगडावर ठेवलं की कळतं. अशी बिघडलेली पाती माझ्याकडे डबाभर आहेत.

तात्या : डबाभर! हे बरं सांगितलंस. आता जरा विश्वास बसतोय तुझ्यावर.

चाकाचा विषय निघाला म्हणून मी शेफिल्डचं काढलं. इंग्लंडमधलं हे गाव एकोणिसाव्या शतकात जगभर वस्तरे पाठवत होतं. मार्क्सचा सहकारी फ्रेडरिक एंगल्स यानं १८४५ च्या आपल्या पुस्तकात तिथल्या घासणाऱ्या कामगारांबद्दल लिहून ठेवलं आहे. वाळूच्या दगडाच्या चाकावर कोरडं घासणारा जेमतेम पस्तिशी गाठायचा, ओलं घासणारा पंचेचाळिशीच्या पुढे क्वचित जायचा. दगडाची आणि पोलादाची धूळ फुप्फुसात बसायची. त्यातल्या त्यात जास्त जगायचे ते अट्टल दारुडे, कारण ते कामावर सर्वांत कमी यायचे. धूळ ओढून घेणारं यंत्र कुणीतरी तयार केलं, तर कामगारांनीच ते काही ठिकाणी मोडून टाकलं. काम सुरक्षित झालं तर आणखी माणसं या धंद्यात शिरतील आणि मजुरी पडेल, ही भीती.

तात्या : ऐकलंस? तुझी गिऱ्हाइकं जुना शेफिल्ड हातात धरून फोटो काढतात ना, त्यांना हेही सांगत जा.

कारागीर : मी मास्क लावूनच घासतो, पाण्याची धारही सोडतो. शिवाय मला दिवसाला डझनाचा हिशेब द्यायचा नसतो. महिन्यात दोन पाती झाली तरी चालतं. माझी फुप्फुसं वाचतात ती त्यामुळंच.

तात्या : म्हणजे पोट भरायला दुसरी नोकरी आहे म्हणून.

कारागीर : ...हो. तसंच.

हे उत्तर त्यानं प्रामाणिकपणे दिलं, आणि माझ्या मते हातकामाविषयी हळवं लिहिणारे बहुतेक जण नेमकं हेच गाळतात.

तात्यांनी तोवर वस्तरा पुरता उघडून पाठीवरून बोट फिरवायला सुरुवात केली होती.

कारागीर : पाठ साडेपाच मिलिमीटर, रुंदी एकोणीस. म्हणजे धारेचा कोन साधारण साडेसोळा अंश. दगडावर पातं सपाट ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, त्यामुळे कोन हातानं सांभाळावा लागत नाही, वस्तरा स्वतःच सांभाळतो. वर्षानुवर्षं दगडावर फिरवल्यावर धारेबरोबर पाठही थोडी थोडी झिजते आणि कोन जवळपास तसाच राहतो. चाकूला हे नाही. ब्लेडला तर धार लावायची सोयच नाही.

तात्या : कोन-बिन आम्हाला कुणी शिकवला नाही. आजोबा एकच गोष्ट सांगायचे, पाठ उचलू नकोस. उचलली की पाठीत रट्टा.

कारागीर : तेच सांगत होते ते, तात्या. साडेसोळा अंश.

तात्या : रट्टा मात्र मोजला नव्हता त्यांनी.

कारागीर : आता ब्लेडचं ऐका. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीत एकानं स्वतःच्या दाढीवर रेझर चालवून पात्याची धार इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली. केस पोलादापेक्षा पन्नास पट मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडालेले. केस कापताना वाकतो, धारेला तिरका जोर लागतो, आणि पोलादाची आतली घडण जिथं एकसारखी नसते तिथं कपचा निघतो. म्हणजे सगळा खेळ पोलाद आतून किती एकजीव आहे याचा. मी भट्टीवर डोळे लावून बसतो ते याचसाठी.

तात्या : हे सांगायला मायक्रोस्कोप लागला? केस ओला नसेल तर वस्तरा बसतो, एवढं पोरालाही ठाऊक होतं. आजोबा साबण लावतच नसत. वाटीतलं पाणी घ्यायचं आणि गालावर चोळत राहायचं, बोलत बोलत. गावातल्या सगळ्या बातम्या तेवढ्यात सांगून व्हायच्या. पाणी मुरलं की केस लोण्यासारखा. आता फवारा मारला, फोम फासला, सुरू. त्याच्या धारेचे टवके उडणारच.

कारागीर : बघा, म्हणजे तुमच्याकडं जे आहे ते प्रयोगशाळेला आत्ता कळतंय. आणि पोलादाचं म्हणाल तर मूळ आपल्याकडंच आहे. दक्षिणेत आणि दख्खनेत मुशीत वितळवून जे पोलाद करायचे, त्याला इंग्रज वुट्झ म्हणत. मुंबईतल्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरानं त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले, आणि १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढं त्यावर निबंध वाचला गेला. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर जेम्स स्टोडार्ट नावाचा हत्यारं बनवणारा होता. आपले वस्तरे भारतातल्या वुट्झचे आहेत आणि युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा ते सरस आहे, असं त्यानं दुकानाच्या कार्डावरच छापलं होतं. याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडेनं पुढं पोलादाचे प्रयोग केले. विजेचा फॅरडे, तोच. लोहाराचा मुलगा. वुट्झमध्ये काय असतं हे शोधता शोधता त्यानं पोलादात चांदी, प्लॅटिनम मिसळून पाहिलं आणि त्या पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले. शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर त्यानंतर 'सिल्व्हर स्टील' अशी अक्षरं दिसायला लागली. पाचशे भागांत एक भाग चांदी, तीही असली तर.

तात्या : स्कॉटचं नाव सांगितलंस, स्टोडार्टचं सांगितलंस, फॅरडेचं सांगितलंस. मुशीत पोलाद करणाऱ्याचं नाव काय?

कारागीर : ते कुठं लिहिलेलं नाही.

तात्या : तेच म्हणतोय मी. आणि वस्तऱ्याचा इतिहास काढायचाच तर पुरता काढ. तू वस्तरा म्हणतोस तेव्हा तुला पोलाद दिसतं. मला आजोबा दिसतात, काखेत धोकटी मारून या वाड्यातून त्या वाड्यात जाणारे. ओट्यावर बसायचं, आत जायचं नाही. सुगीला बलुतं मिळणार, देणाऱ्याच्या मर्जीनं. ज्या हातानं मालकाच्या गळ्यावर धार फिरवायची, त्या हाताचं पाणी त्याला चालायचं नाही. आणि कामं कसली सांगायचे? नवरा मेला की त्याच्या बायकोचे केस उतरवा. पोरगी कधी बारा-तेरा वर्षांची असायची. ती रडतेय आणि आमचा माणूस मान खाली घालून वस्तरा चालवतोय. १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईतले न्हावी जमले आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा ठराव केला. समाजाच्या मेळाव्यात हे मी कितीदा ऐकलंय, दरवेळी अंगावर काटा येतो. आमच्या लोकांनी वस्तऱ्यानं केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे तो खाली ठेवला.

थोडा वेळ कारागिराला काही सुचलं नाही. मग तो म्हणाला ते मी जवळजवळ त्याच्याच शब्दांत देतो.

कारागीर : तात्या, राग मानू नका. पण तो खाली ठेवला तेव्हा काम अडलं ना? अडलं, कारण ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मालकाला स्वतः वस्तरा धरता येत नव्हता, म्हणून तुमच्या नकाराला वजन होतं. आज अर्धं ब्लेड कुणीही होल्डरमध्ये घालतं. सहा महिन्यांचा कोर्स केलेली पोरं मॉलमध्ये दाढ्या करतात. उद्या तुम्ही संप केलात तर कुणाची दाढी वाढणार?

तात्या : (हसून) माझी.

कारागीर : मी चेष्टा करत नाही.

तात्या : मीही नाही. तू म्हणतोस ते खरं आहे, पण ते लांबून खरं आहे. हातात असं काम असावं की नकार दिला तर गाव अडेल, हे ऐकायला बरं. पण ते काम दुसऱ्या कुणी शिकायचं नाही आणि आम्ही दुसरं काही करायचं नाही, असा तो सगळा बंदोबस्त होता. माझा मुलगा बँकेत आहे. त्याला वस्तरा धरता येत नाही, आणि मी मुद्दाम शिकवला नाही. तुला हौस आहे म्हणून तू शिकलास. तुझ्या आणि माझ्या शिकण्यात हा फरक आहे बघ.

इथं मला कारागिराचा मुद्दा वजनदार वाटला आणि तात्यांचं उत्तर त्याहून. ब्लेडनं कौशल्य स्वस्त केलं हे खरंच. पण ते महाग होतं तेव्हा त्याची किंमत ज्याच्याकडून वसूल व्हायची, त्यालाच ती विचारायला हवी. तरीही कारागिराला गप्प बसवावं असं मला वाटत नाही. फरशीवर पडून तुटलेलं पातं, चाकावर निळं पडलेलं पातं, डबाभर बिघडलेला माल, हे सारं तो पदरच्या पैशानं सोसतो, आणि गालांची खोली हातानं सारखी राखणारी माणसं आता शोधावी लागतात.

पुढची पंधरा-वीस मिनिटं मात्र वाद थांबला, कारण तात्यांनी खुंटीवरचा चामड्याचा पट्टा काढला. अजून तो खुंटीवर होता, हे मी टिपून ठेवलं. एक टोक खुंटीला, दुसरं डाव्या मुठीत ताणलेलं. वस्तरा पाठ पुढं करून ओढायचा, पट्ट्याच्या टोकाशी पाठीवरच उलटा करायचा, परत ओढायचा. धार कधीही पुढं नाही, नाहीतर पट्टाच कापला जातो. आधी सावकाश, मग लय धरून, सट-सट असा आवाज. मग त्यांनी मनगटावरचे केस नुसते वरच्या वर, कातडीला न टेकवता उडवले.

तात्या : धार आहे. खोटं बोलणार नाही. पण हे टोक काय केलंयस?

कारागीर : चौकोनी आहे. गिऱ्हाइकानं तसंच मागितलं. त्यानं चित्र पाठवलं होतं.

तात्या : चित्राची दाढी करणार आहे का तो? हा कोपरा बघ, सुईसारखा. कानामागं वळताना, नाकाखाली, पहिल्याच आठवड्यात कातडीत घुसेल. नवख्याला गोल टोक द्यायचं. आणि मूठ कशाची केलीस? शिसवीची? जड झाली. पातं उघडल्यावर शेपटीवर तीन बोटं ठेवली की वस्तरा तिथंच तोलला पाहिजे. हा मागं झुकतोय. बोटांनी धरून ठेवावा लागतो, म्हणजे दाढीभर मनगट ताठ. आमच्यात शिंगाची मूठ असायची, पातळ.

कारागीर : ऑर्डरप्रमाणे बनवायचं म्हणजे तो सांगेल तसं बनवायचं ना, तात्या? त्याला टोक चौकोनी हवं, शिसवी हवी, नाव कोरलेलं हवं. पैसे तो देतोय.

तात्या : माझ्याकडेही पोरं फोटो घेऊन येतात, असे केस कापा म्हणून. मी सांगतो, तुझ्या डोक्याच्या ठेवणीला हे बसणार नाही. काही उठून जातात, जाऊ देत. तू मघाशी म्हणालास ना, वस्तरा एका चेहऱ्यासाठी असतो? मग चेहरा बघितलास का त्याचा? दाढी दाट आहे की विरळ, गळ्यावर केस कुठल्या बाजूला वळतात, डावखुरा आहे का? यातलं काही विचारलंस?

कारागीर : लाकूड विचारलं. नाव विचारलं.

तात्या : मग हा त्याच्या मापाचा कसा? हा त्याच्या आवडीचा झाला.

या प्रश्नावर मी उघडपणे तात्यांच्या बाजूचा आहे. खास बनवून घेतलेल्या वस्तूंच्या बाजारात सध्या बहुतेक ठिकाणी हेच चालतं. लाकूड, रंग, कोरीव नाव यांची निवड गिऱ्हाइकाला देतात आणि त्यालाच माप म्हणतात. कारागिरानं खिशातून वही काढली आणि तात्यांनी विचारलेले प्रश्न एकाखाली एक लिहून घेतले. डावखुऱ्याचा प्रश्न दोनदा अधोरेखित केला. मग मूठ काढता येईल का याचा विचार सुरू झाला. पिन पितळेची, दोन्ही टोकांना वॉशरवर ठोकून पसरवलेली. ती घासून काढायची, शिसवी आतून पोखरून हलकी करायची, नवी पिन घालून छोट्या हातोडीनं टकटक करत परत बसवायची. जोर जास्त झाला तर लाकूड तडकतं, कमी झाला तर पातं मिटताना धार मुठीच्या कडेला घासते.

कारागीर : आणि तो म्हणाला, मला चौकोनीच टोक पाहिजे, तर?

तात्या : तर त्याला सांग, पहिली दाढी सांगलीला येऊन माझ्याकडून करून घे. मग ठरव.

कारागीर : तुम्ही कराल? वस्तऱ्यानं?

तात्या : त्याच्याच वस्तऱ्यानं त्याचीच दाढी, त्यात कुणाला काय लागण होणार? तूच म्हणालास.

कारागीर : काय घ्याल?

तात्या : पाटीवर ऐंशी आहे, ते ब्लेडचे. वस्तऱ्याचे वेगळे पडतील. आधी टोक घासून आण, मग बोलू. आणि येताना ते शिंगाचं काही मिळतंय का बघ, आजोबांचा ट्रंकेतून काढला तर त्याच्या मुठीलाही चीर गेलेली असणार.